देऊळघाटची खोटी ऑर्डर

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. हे वाक्य इथे या ग्रुपवर प्रत्येक जण लिहितो आणि मग पुढे जे सांगायचं ते सांगतोच, हे मला माहीत आहे. मी स्वतः हे अनुभव वाचते ते बहुतेक वेळा त्यातल्या चुका काढायला. सुरुवातीला अमावस्या असते आणि दोन परिच्छेदांनी टिपूर चांदणं पडलेलं असतं... असलं काही सापडलं की मला बरं वाटतं. माझा नवरा म्हणतो, तू भुताच्यासुद्धा चुका काढशील. काढीनच. चुका काढणं हा माझा धंदा आहे.

पण देऊळघाटला एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्या म्हणतात की त्या माझ्यामुळे जिवंत आहेत. त्यांच्या गल्लीतले लोकही तसंच म्हणतात. त्या जिवंत आहेत हे खरं आहे. माझ्यामुळे आहेत का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि हे बोलायला दुसरी जागा नाही म्हणून इथे लिहिते आहे.

मी चिखलीला राहते. नवी वेबसाइट लोकांसाठी खुली करायच्या आधी ती तपासून देण्याचं काम करते. बनवणारे वेगळे असतात, बहुतेक पुण्याकडचे. मी फक्त तपासते. बटण दाबलं की जिथे जायला पाहिजे तिथे जातं का, मोबाइलवर अक्षरं तुटतात का, एकदा दिलेली ऑर्डर दोनदा तर नोंदत नाही ना... हे सगळं घरी बसून करता येतं. शेजारच्या काकूंना अजूनही वाटतं की मी दिवसभर मोबाइल खेळते.

आमचं घर बौद्ध. बाबा शाळामास्तर होते. उतारा, करणी, लिंबू-मिरची यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. मी लहान असताना गल्लीतल्या एका बाईच्या अंगात यायचं. बाबा मला मुद्दाम हाताला धरून ते बघायला घेऊन गेले होते. परत येताना म्हणाले, "तिले घरात कोणी इचारत नसन, म्हनून होते तसं." बस्स, एवढंच. मला वाटतं त्या एका वाक्यावर मी आजवर जगत आले. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते बहुतेक वेळा अगदी साधं असतं.

तर काम आलं होतं मोताळ्याकडच्या एका खेड्यातल्या महिला बचत गटाचं. पापड, कुरडया, शेवया, मूगवड्या आणि आपल्याकडचे सरगुंडे — गव्हाच्या पिठाचे, काडीवर गुंडाळून वळायचे, उन्हात वाळवायचे आणि आमरसासोबत खायचे. आतापर्यंत हा माल आठवडी बाजारात विकला जायचा. आता वेबसाइटवरून विकायचा होता. गटाच्या अध्यक्ष वच्छलाबाई. साठीच्या, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. आणि फोन-मेसेज बघायला रेखा, त्यांची सून. उद्घाटनाची तारीख शनिवारची ठरली होती, मंडपवाल्याला सांगून झालं होतं, बायकांनी एकसारख्या साड्यासुद्धा घेतल्या होत्या. साइट मात्र अजून माझ्याकडे अडकलेली. कुरडयांच्या फोटोखाली शेवया लिहिलेलं होतं, पिनकोडच्या चौकटीत मराठी आकडे चालत नव्हते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऑर्डर दिली की गटाच्या फोनवर मेसेज जायला हवा, तो जातच नव्हता.

इथे माझ्या कामाची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

साइट तपासताना खोट्या ऑर्डरी टाकाव्या लागतात. बाकीचे लोक नावाच्या जागी 'टेस्ट टेस्ट' लिहितात, पत्त्यात काहीही बदडतात. मी तसं करत नाही. खरी माणसं जशी ऑर्डर देतील तशी ऑर्डर टाकली तरच खऱ्या चुका सापडतात असं माझं मत आहे. म्हणून मी अख्खा माणूस तयार करते. लांबलचक नाव, जोडाक्षरं असलेलं, म्हणजे अक्षर तुटतं का ते कळतं. गाव, गल्ली, घराची खूण. सूचनेच्या रकान्यात एखादं वाक्य. या कामात मी अशी किती माणसं तयार केली असतील ते सांगता येणार नाही. आणि साइट सुरू व्हायच्या आधी ती सगळी एका बटणासरशी पुसून टाकते. पुसल्याशिवाय साइट देताच येत नाही.

मंगळवारी दुपारी पुण्याहून निरोप आला की मेसेजचं काम झालंय, बघा. जेवण झालं होतं. नवरा दुकानावर गेला होता, पंखा फिरत होता, समोर चहा होता. मी नवी ऑर्डर उघडली. नाव टाकलं — कौसल्याबाई त्र्यंबक... (आडनावही टाकलं होतं, ते इथे देत नाही). 'त्र्यं' हे अक्षर नेहमी तुटतं म्हणून मला ते आवडतं. गावांच्या यादीतून देऊळघाट निवडलं. यादीच्या मधलं एखादं गाव निवडायचं म्हणून, बाकी कारण नाही. बुलडाण्याला जाणं-येणं असतं, पण देऊळघाटात माझं ना कोणी नात्याचं ना ओळखीचं, आणि त्या गावात मी तोवर पाऊल ठेवलं नव्हतं. पत्ता टाकला — चक्कीमागची बोळ, निळं दार. फोन नंबरच्या जागी सगळे नऊ. माल — सरगुंडे.

मग सूचनेचा रकाना आला. तिथे मी एरवी 'घरी नसल्यास शेजारी द्यावे' असलं काहीतरी लिहिते. त्या दिवशी लिहिलं, "पुढचं दार उघडणार नाही. मागून या. मागच्या दाराची कडी वरच्या फटीतून हात घातला की निघते."

लोक मला नेहमी विचारतात, लिहिताना काही वाटलं का? हात थंड पडला का? कोणी कानात बोललं का? नाही हो. काहीही वाटलं नाही. किराण्याची यादी लिहावी तसं लिहिलं. अक्षरं रकान्यात नीट बसली, मला बरं वाटलं, मी पाठवा दाबलं आणि चहा प्यायले.

लगेच वच्छलाबाईंना फोन केला. "मावशी, मेसेज आला का?"

"हाव! आला न! आत्ताच वाजला. रेखा वाचून राह्यली. कौसल्याबाई म्हने, देऊळघाटच्या."

"बरं झालं. पण ऐका, ती ऑर्डर खोटी आहे हं. मीच टाकलीये, तपासायला. तुम्ही काही करायचं नाही."

"खोटी काऊन? बाईचं नाव हाय, गाव हाय, दाराचा रंगही सांगतला."

"अहो, ते मी मनानंच लिहिलंय."

"हाव," त्या म्हणाल्या.

या 'हाव'चा अर्थ मी 'बरं' असा घेतला. आता कळतं की तो फक्त 'ऐकलं' एवढाच होता.

बुधवारी मी बाकीच्या चुका काढत बसले. गुरुवारी जेवायला बसणार तेवढ्यात रेखाचा फोन आला. मागे गलका चालू होता, गाडीचा आवाज होता, आणि रेखा रडत होती.

"ताई, आमी देऊळघाटले आलो. थ्या बाई... थ्या बाई पडल्या होत्या वं ताई. आता गाडीत टाकून बुलडाण्याले नेऊन राह्यलो."

"कोण बाई?"

"कौसल्याबाई."

मला पहिल्यांदा राग आला, खरं सांगते. मी स्पष्ट सांगितलं होतं, तरी ह्या बायका भर उन्हात ऑर्डर पोचवायला निघाल्या कशा! मग तिनं काय नाव घेतलं ते डोक्यात शिरलं.

झालं होतं ते असं. हे मला नंतर वच्छलाबाईंनी सांगितलं.

त्या फोनवर आलेला तो पहिलाच मेसेज होता. आधीच्या माझ्या सगळ्या ऑर्डरी पोचल्याच नव्हत्या. म्हणजे वच्छलाबाईंच्या हिशेबी ही वेबसाइटची बोहनी. आणि बाजारात बसणाऱ्या बाईला बोहनीचं गिऱ्हाईक परत पाठवणं जमत नाही. तो पोटातलाच नियम असतो. सकाळी पहिलं माणूस समोर येऊन उभं राहिलं की घासाघीस केली तरी त्याला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, नाहीतर धंदा बसतो. रेखा म्हणाली होती की ताईंनी खोटी ऑर्डर आहे म्हणून सांगितलंय. त्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "खोटी असन तं असो. बाई नाई भेटली तं महादेवाच्या पायरीवर ठेवून येऊ. पन बोहनी वापस नाई कराची."

बरं, डब्यात शिल्लक होता तो मालही त्यांना चालेना. बोहनीचा माल ताजा पाहिजे. म्हणून बुधवारी सकाळी पीठ भिजवलं, सरगुंडे वळले, दिवसभर गच्चीवर वाळवले. वैशाखाचं ऊन होतं, एका दिवसात खडखडीत झाले. गुरुवारी सकाळच्या एसटीनं सासू-सून मोताळ्याहून बुलडाण्याला आणि तिथून जीपनं देऊळघाटला पोचल्या.

चक्की विचारली. चक्कीवाल्याला कौसल्याबाई विचारल्या. तो म्हणाला, "हाव, या मागच्याच बोळीत. निळं दार. पन थ्या घरी नाईत. लेकीकडं जालन्याले जानार होत्या, गेल्या असन. दार बंदच हाय कालपासून."

रेखा तिथेच घाबरली, कारण तिला माहीत होतं की नाव-गाव मी मनानं लिहिलंय. ती सासूला म्हणाली, "मामी, चाला वापस." वच्छलाबाई मात्र निळ्या दारापाशी जाऊन कडी वाजवायला लागल्या. आतून आडणा, म्हणजे दाराला आडवा लावायचा दांडा, लावलेला होता. हाका मारल्या, आवाज नाही. शेजारचं घर लग्नाला गेलेलं. चक्की सुरू असली की त्या बोळीत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तर आतलं काय ऐकू येणार.

वच्छलाबाई म्हणाल्या, "आतून आडणा हाय, म्हंजे बाई आतच हाय. तो मेसेज वाच बरं पुन्हा."

रेखानं वाचला. पुढचं दार उघडणार नाही. मागून या. मागच्या दाराची कडी वरच्या फटीतून हात घातला की निघते.

दोघी घराला वळसा घालून मागे गेल्या. मागे सांदीत एक जुनं दार, वरच्या दोन फळ्यांमध्ये फट. रेखाचा हात बारीक. तिनं हात घातला आणि कडी निघाली.

कौसल्याबाई न्हाणीच्या उंबऱ्यापाशी पडलेल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. ओठ फुटलेले, डोळे अर्धे उघडे. पाण्याची बादली न्हाणीत भरलेली, पण हात पोचेना इतकी लांब. वच्छलाबाईंनी आधी पदर ओला करून त्यांच्या ओठांना लावला. रेखा चक्कीवाल्याला बोलवायला धावली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की एक रात्र निघाली, या उन्हात दुसरी निघाली नसती. आणि लेकीला वाटत होतं आई गावात आहे, गावाला वाटत होतं आई लेकीकडे आहे. कोणी बघायला आलंच नसतं.

शुक्रवारी मी बुलडाण्याला गेले. जाण्याआधी मी माझ्या परीनं शोध घेतला, तेही सांगते. मला आशा होती की ती ऑर्डर माझी नसेलच. साइट चुकून सगळ्यांना दिसत असेल, बाईंच्या लेकीनं किंवा दुसऱ्या कोणीतरी खरीच ऑर्डर टाकली असेल आणि मी नुसती बघितली असेल, असं काहीतरी... असल्या चुका होतात, मी स्वतः पकडल्या आहेत. पुण्याच्या लोकांना नोंदी काढायला लावल्या. ऑर्डर माझ्याच कॉम्प्युटरवरून, माझ्याच नावानं उघडलेल्या पानावरून, मंगळवारी दुपारी गेली होती. साइट बाहेर कोणालाच दिसत नव्हती. चूक सापडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा चूक सापडली नाही म्हणून मला भीती वाटली.

दवाखान्यात कॉटशेजारी त्यांची लेक बसली होती, मंगलाताई. रात्रीतून जालन्याहून आली होती, डोळे सुजलेले. वच्छलाबाईंनी माझी ओळख करून दिली, "याच थ्या मॅडम." मला वाटलं होतं ती आभार मानेल. ती उठून उभी राहिली आणि सरळ विचारलं, "तुम्ही आमच्या घरी कधी आला होता?"

"कधीच नाही."

"मग कडीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, कुणीच नाही. तिचा विश्वास बसला नाही. तिच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता. ती म्हणाली, "ती कडी फटीतून निघते हे मला आणि आईला सोडून कुणालाच माहीत नाही. शाळेतून आले की आई शेतात असायची. तेव्हा तिनं मला शिकवलं होतं. बाहेर कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती, घरात बाईमाणूस एकटं म्हणून. माझ्या नवऱ्यालासुद्धा मी सांगितलेलं नाही." तिच्या आवाजात राग होता आणि त्याच्याखाली भीती होती. कोणी अनोळखी बाई आपल्या घराचं गुपित लिहून दाखवते म्हटल्यावर राग यायचाच. मी तिला मोबाइलवर माझं काम दाखवलं, खोट्या ऑर्डरी कशा टाकते ते दाखवलं, याच साइटवरची, अजून न पुसलेली आधीची खोटी माणसं दाखवली. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

तेवढ्यात कौसल्याबाईंनी डोळे उघडले. छोट्याशा चणीच्या, केस पांढरे, हातावर गोंदलेलं. उशाशी सरगुंड्यांची पिशवी तशीच ठेवलेली होती. वच्छलाबाईंनी बोहनी पोचवली होती म्हणा की. लेकीनं त्यांच्या कानाशी वाकून मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "काय लिव्हलं होतं, वाचून दाखव बरं."

मी वाचलं. पुढचं दार उघडणार नाही. मागून या. मागच्या दाराची...

माझं वाचून व्हायच्या आधीच त्यांनी उरलेलं वाक्य म्हटलं. हळू आवाजात, पण शब्दाला शब्द, फक्त त्यांच्या बोलीत. "...कडी वरच्या फटीतून हात घातला का निंगते."

लेकीनं तोंडाला पदर लावला. कौसल्याबाई म्हणाल्या, "हे माह्यंच बोलनं हाय, माय. पडली तवा लय वरडली. चक्कीपुढं कोन आयकते. मंग गळा बसला. मंग मनातच म्हनत राह्यली. कोनी येवो, पुढून नोका येऊ बाप्पा, आडणा हाय, मागून या, कडी फटीतून निंगते. दिवसभर म्हनलं, रातभर म्हनलं. दुसरं कायी सुचेच ना."

मी विचारलं, "आजी, तुम्ही पडलात कधी?"

"बुधवारी सकाळी. आंघोळीले पानी काढलं तवा."

चक्कीवाल्यानंही तेच सांगितलं होतं. मंगळवारी संध्याकाळी त्या दळण घेऊन गेल्या होत्या, चांगल्या चालत, हसत-बोलत.

मला कळेना हे त्यांना सांगावं की नाही. पण माझा स्वभाव असा की हिशेब लागला नाही तर मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "आजी, मी हे मंगळवारी दुपारी लिहिलं. तुम्ही पडायच्या आधी. तेव्हा तुम्ही घरात धडधाकट होता. तुम्ही असं काही म्हणतच नव्हता."

कौसल्याबाईंनी माझा हात हातात घेतला. त्यांना त्यात काहीच नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"मंग तुले आधीच आयकू आलं असन," त्या म्हणाल्या.

मी बाहेर येऊन व्हरांड्यात रडले. का ते माहीत नाही. मंगलाताई मागून आली आणि शेजारी उभी राहिली. नंतर तिनंच मला चहा पाजला.

शनिवारी उद्घाटन झालं. साइट नीट चालली. बायका मला शाल द्यायला निघाल्या होत्या, मी घेतली नाही. कौसल्याबाईंचं ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालतात, आणि मागच्या दाराची ती फट लेकीनं बुजवून घेतली आहे. एकमेकींना फोन करतो आम्ही. पलीकडून त्या आधी विचारतात, "कायी आयकू आलं का वं?" आणि हसतात.

योगायोग म्हणावा तर मी तोही हिशेब मांडून पाहिला आहे. कौसल्याबाई हे नाव गावोगाव सापडेल. त्र्यंबकही सापडतील. चक्की प्रत्येक गावात असते आणि तिच्यामागे बोळ असतेच. निळी दारंही कमी नाहीत. इथपर्यंत मी स्वतःला समजावू शकते. आडनावही तेच निघालं, तिथे जरा अडखळते. फटीतून निघणाऱ्या कडीपाशी थांबते. आणि मंगळवारपाशी माझं डोकं चालत नाही.

शेवटी बाबांना सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं एका वाक्यात काहीतरी साधं कारण सांगून टाकावं अशी फार इच्छा होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातातल्या पेपरची घडी केली. मग विचारलं, "बाई बरी हाय ना आता?"

"हो."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

मी तेच काम अजून करते. खोट्या ऑर्डरी अजून टाकाव्या लागतात, पण आता त्यात मी फक्त माझं नाव आणि माझाच पत्ता लिहिते. अक्षर तुटो की न तुटो. नवरा म्हणतो, घाबरलीस. पुढे काही लिहिलं जाईल म्हणून मी घाबरत नाही. मला झोप लागत नाही ती मागच्यामुळे. इतक्या वर्षांत मी कितीतरी माणसं अशीच मनानं लिहिली. नाव, गाव, दाराची खूण, आणि सूचनेच्या रकान्यात एकेक वाक्य. 'जिन्याखाली बघा' असं एकदा लिहिल्याचं आठवतं. 'विहिरीकडच्या वाटेनं या' असंही एकदा. ती कोणाची नावं होती, कोणती गावं होती, ते आता कुठेच सापडत नाही. त्या साइट सुरू व्हायच्या आधी मी ती सगळी पुसून टाकली होती, आणि त्यांच्या दारी कोणीच गेलं नव्हतं.